उडालेला डेटा मी परत आणला!

मंडळी, आज मी भलतीच खूश आहे!

तुम्हाला माहितीये, पस्तिशीत शाळेतली नोकरी सोडून मी अंधेरीला डेटाबेस सांभाळायचा कोर्स करतेय. आज आमच्या ग्रुपला दवाखान्याचं प्रोजेक्ट सरांना दाखवायचं होतं. त्याआधी ग्रुपमधली स्नेहा एका पेशंटची नोंद काढून टाकायला गेली. कमांडमध्ये कोणता पेशंट ते लिहायचंच राहिलं आणि सगळेच पेशंट उडाले!

"वाट लागली यार!" ती रडायलाच लागली.

तेवढ्यात सर आले. म्हणाले, "मी हात लावणार नाही. उद्या नोकरीवर मी येणार आहे का तुमच्या मागे?"

सकाळी मी बॅकअप घेतला होता, पण तो परत चढवून कधीच बघितला नव्हता. तरी तोच चढवायला घेतला. कमांड दिली, स्क्रीन जरा थांबली, आणि सगळी नावं जशीच्या तशी परत! स्नेहाने अशी मिठी मारली की मी खुर्चीसकट कलंडले.

सर हसले. "मॅडम, आता तुम्ही इंटरव्ह्यू द्यायला लागा."

नाहूरला घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते!

खरं सांगा, तुमच्या फोटोंचा बॅकअप असेलच. पण तो उघडतो का, हे बघितलंय कधी?