दोन पंप जास्त

आमच्या टॉवेल कारखान्यात किस्से ग्रीससारखे साठतात. आज पुसून काढावेत, तर उद्या तिथंच पुन्हा बोटभर! मी मेंटेनन्सला ट्रेनी. लूमशेडला हवा देणारा आमचा मोठा ब्लोअर. त्याचं बेअरिंग सहा महिन्यांत तीनदा जळालं. मॅनेजरसाहेबांनी मला सरळ सांगितलं, "चौथं गेलं, की तुम्हीही गेलात!"

*

पहिल्याच दिवशी ब्लोअर असा किंचाळला, की हातातला चहा माझ्याच बुटात! तेल-ग्रीस बघणारे दुधनीचे मल्लप्पामामा मात्र शांत. "भिऊ नका की बाई. भुकेजलाय त्यो." त्यांनी ग्रीसगनचे चार पंप मारले. तासाभरानं मी बेअरिंगला हात लावला, तर चटका!

*

महिन्याचा ग्रीसचा डबा दहा दिवसांत संपायचा. संशय मामांवर. दुधनीत विकत असणार! एकदा गुपचूप त्यांची पिशवी उघडली. दोन भाकऱ्या, शेंगाचटणी. मागून आवाज आला, "चटणी पायजे व्हय? मागायची की!" दचकून पिशवीच हातातून सुटली.

*

शेवटी चौथं जळायच्या आत मीच बेअरिंग उघडलं. आत ग्रीस ठासून भरलेलं! मी कॉलेजातलं सांगितलं, निम्म्याच्या वर भरायचं नाही, जास्तीचं आतच घुसळून तापतं. मामा दुखावले. "पावण्याला अर्धं ताट वाढायचं व्हय?"

मग चौकशी. सकाळी मामा दोन पंप द्यायचे. दुपारी लूम बघणारा जॉबर नरसय्या दोन. का? "मल्लप्पावर भरवसा नाय मॅडम!"

आणि जेवणाच्या सुट्टीत, कुणी बघत नाही असं पाहून, आणखी दोन कोण द्यायचं?

मी. माझा भरवसा दोघांवरही नव्हता.

*

नवं बेअरिंग बसवलं, ग्रीस मोजून भरलं. गन कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. वर बेअरिंगच्या ग्रीस भरायच्या तोंडावर नेलपॉलिशचा ठिपका, कुणी हात लावला तर कळावं म्हणून! मामा रोज तापाच्या पोराला पाहावं तसा बेअरिंगला हात लावायचे. "लई गार लागतंय बाई. लक्षण बरं न्हाय."

तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "आवाज मात्र गोड हाय."

*

एकविसाव्या दिवशी साहेब आले. माझं कन्फर्मेशनचं लेटर त्यांच्या खिशातून डोकावत होतं. त्यांनी बेअरिंगवर तळवा ठेवला. पुन्हा ठेवला. "चालू आहे ना हा?"

समोर ब्लोअर घोंघावत होता!

"ग्रीस कधी दिलं?"

"एकवीस दिवस झाले, सर."

साहेबांचा चेहरा पडला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "किल्ली द्या. दोनच पंप मारतो. कुणाला सांगू नका."

माझा हात गळ्याकडे गेलासुद्धा! तेवढ्यात मल्लप्पामामा दोन्ही हात पसरून ब्लोअरपुढं उभे राहिले.

"साहेब, जेवलाय त्यो!"