एका फोटोतून निघालेले तीन चेहरे

१. कळंबजवळ राहणारे मेंढपाळ भिकूभाऊ आणि त्यांची धाकटी बहीण सखूबाई आईचा एकमेव फोटो घेऊन जुन्नरला सोपानतात्यांच्या स्टुडिओत आले. आई गेली तेव्हा सखूबाई रांगत होत्या. आईचा चेहरा त्यांना आठवत नाही.

२. फोटो कळंबच्या एका लग्नातला, अनेक जणांचा, तात्यांनीच काढलेला. ऐनवेळी आईने मान वळवली. चेहरा पुसट आला.

३. तात्यांच्या सांगण्यावरून मी तो सॉफ्टवेअरने स्पष्ट केला. एक चेहरा आला.

४. तात्यांनी तेच आणखी दोनदा करायला लावले. आणखी दोन चेहरे आले. तिन्ही बायका वेगळ्या.

५. तात्यांनी एकही छापून दिला नाही.

तात्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात मी लिहावे असे ग्रंथाच्या समितीने सुचवले, तेव्हा हेच आधी लिहायचे ठरवले.

तात्यांची पहिली ओळख झाली ती मी शाळेत असताना, आणि ती चांगली नव्हती. ताईचा स्थळांना दाखवायचा फोटो काढायला आम्ही गेलो होतो. आई म्हणाली, "जरा उजळ करा." तात्या म्हणाले, "करतो की. पन पाव्हणं घरी आल्यावर दुसरीच पोरगी बघून काय म्हंतील?" आई रागावली. मलाही हा माणूस उद्धट वाटला. मग त्यांनी ताईला खिडकीपाशी बसवले आणि ती आपणहून हसेपर्यंत फोटो काढत राहिले. तो फोटो तिला आजही आवडतो.

पुढे मी पुण्यात फोटोंवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम करू लागले. म्हणून त्या दिवशी तात्यांनी मला बोलावून घेतले. मी आधी तात्यांकडची निगेटिव्ह तपासली. तीही तितकीच पुसट होती. हात हलून आलेला धूसरपणा काही प्रमाणात काढता येतो. इथे मात्र चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा होता. जे टिपलेच गेले नाही ते सॉफ्टवेअर परत आणत नाही. इतर असंख्य चेहऱ्यांवरून अंदाजाने भरते. हे मी सांगितले. कोणी ऐकले नाही, कारण पडद्यावर डोळे, ओठ, सगळे स्वच्छ दिसत होते.

"मधली लई मायाळू दिसती," सखूबाई म्हणाल्या.

"मायाळू? मेंढरांची कुत्री भ्यायची आपल्या आयला!" भिकूभाऊ हसले. मग थांबून म्हणाले, "पन हनुवटीवर गोंदण व्हतं. ते कुठंय?"

तिघींपैकी एकीच्याही हनुवटीवर गोंदण नव्हते.

"मॅडम, तेवढं गोंदण टाका की," भिकूभाऊ मला म्हणाले.

"मग चौथी बाई तयार व्हईल," तात्या म्हणाले.

"तात्या, कंची बी चालंल. पन एक आई द्या राव!" सखूबाई म्हणाल्या.

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना स्वतःच्या नावाची काळजी आहे, अशी शंका मला आली. मी ती बोलून दाखवली आणि विचारले, "तुम्ही तर तिला समोर पाहिलं होतं. मग तुम्हीच सांगा ना, यातली कोणती?"

"बघितली असंल. आठवत न्हाई," ते म्हणाले. "आठवतं म्हणालो, तर ही दोघं जन्मभर त्याच बाईला हार घालतील."

त्यांनी मूळ फोटोच मोठा करून दिला, पुसट होता तसा. सखूबाईंनी तो घेतला, पण त्या खूश नव्हत्या. तात्यांनी त्यांना खोटा दिलासाही दिला नाही. त्यानंतर मात्र ते स्वतः एसटीने कळंबला जाऊन त्या लग्नातल्या घरांमधून जुने अल्बम शोधू लागले. अजून काही सापडलेले नाही.

तात्यांवर माझा डोळे झाकून विश्वास आहे असे मी लिहिणार नाही. ते त्यांनाच आवडणार नाही. मी त्यांच्याकडून शिकले ते एवढेच, की फोटो जितका स्वच्छ दिसेल तितका जास्त वेळ तपासायचा.

तात्यांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत आणि नजर अशीच संशयी राहो.

शेजारच्या पानावर तो फोटो आहे तसा छापला आहे. उजवीकडून दुसरी, मान वळवलेली, ती सखूबाईंची आई. त्या लग्नाचा दुसरा कोणताही फोटो आपल्या घरी आहे का, हे कृपया पाहावे आणि महाशिवरात्रीपर्यंत तात्यांच्या स्टुडिओत कळवावे. नसेल, तरीही कळवावे; म्हणजे तात्यांची एक खेप वाचेल.