न धुतलेली झारी

मंगळवार, १२ मार्च. ऊन चांगलं. चादरी वाळत घातल्या. चष्म्याची काडी पुन्हा सैल झाली. धाकट्या जावेची टोमॅटोची रोपं कोलमडली. एकच ट्रे उभा आहे. का?

रोजनिशीत मी प्रश्नचिन्ह सहसा घालत नाही. जे झालं ते लिहायचं, ही शाळेपासूनची शिस्त. पण त्या दिवशी काचघरात जे पाहिलं ते डोक्यातून जाईना.

धाकटी जाऊ शेजारच्याच घरात राहते. आमच्या मधल्या फाटकाला कडी कधीच नसते. निवृत्त होईपर्यंत ती इस्पितळात होती, शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत. चिमटे, कात्र्या, सुया, सगळं तिच्या हाताखालून जायचं. "मी दिलेल्या कात्रीने कुणाची जखम चिघळली नाही," हे वाक्य ती क्वचित बोलते, पण बोलते तेव्हा पाठ ताठ करून बसते. घरात पाहुण्याने शेवटचा घोट घेतला न घेतला की कप धुऊन पालथा. सगळे तिला 'फिनेल' म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती मात्र एकट्या भाऊजींची, आणि तेही ती नवऱ्याचं म्हणून ऐकून घेते.

निवृत्तीनंतर तिने मागच्या अंगणात काचघर उभं केलं आणि भाज्यांची रोपं करू लागली. बी ती अजूनही चिमट्याने टाकते. आसपासचे भाजीवाले शेतकरी तिच्याकडचीच रोपं नेत, कारण तिच्या ओळी फूटपट्टीने आखल्यासारख्या असत.

मग मर लागली. रोप दोन पानांचं होतं, आणि एका सकाळी मातीलगत देठ पाणचट होऊन मान टाकतं. मातीतली बुरशी. लागोपाठ दोन खेपा गेल्या. तिचा मुलगा म्हणाला, "आई, पुरे झालं. हे काचघर पाडू, तिथे गाडी उभी राहील." ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अजून एक खेप करते. ती गेली तर पाड." तिने एकदा म्हटलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ही खेप गेली की काचघर जाणार, आणि काचघर गेलं की ही बाई दिवसभर काय धुणार, या विचाराने भाऊजींचा चेहरा उतरला होता.

त्याच सुमारास शेतीच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी तिला पांढऱ्या भुकटीचं पाकीट आणून दिलं. भाऊजींनी त्यांचं नाव लगेच 'जिवाणूबाई' ठेवलं.

"हे औषध नाही बरं का, मावशी," जिवाणूबाई म्हणाल्या होत्या. "यात जिवंत जिवाणू आहेत. मातीतलेच. पाण्यात कालवून मुळाशी घालायचे. ते मुळाभोवती आधी जागा धरतात. मग बुरशीला ना बसायला जागा, ना खायला घास. शिवाय तिला सोसणार नाही असंही काहीबाही सोडतात."

"म्हणजे जंतूच ना?"

"चांगले जंतू."

"जंतूंत चांगलं काही असतं, हे मला उभ्या नोकरीत कुणी सांगितलं नाही," जाऊ म्हणाली. तरी सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. आणि मंगळवारी ही गत.

मी त्या उभ्या ट्रेसमोर बराच वेळ वाकून पाहत राहिले. तीच माती, तेच बी, तेच ऊन.

"हा ट्रे कुणी भिजवला?" मी विचारलं.

भाऊजी वर्तमानपत्राआडून म्हणाले, "वहिनी, मी काही केलेलं नाही."

"अहो, तो जगलाय."

वर्तमानपत्र खाली आलं. "मग मीच केलं."

झालं होतं असं, की शेवटच्या ट्रेपाशी येईपर्यंत जावेची कंबर धरली. तिने भाऊजींना सांगितलं, झारी धुवा, पिंपातलं पाणी घ्या, भुकटी कालवा आणि घाला.

"पिंप पार त्या टोकाला," भाऊजी म्हणाले. "पन्हळीखाली डबा भरलेला होता परवाच्या अवकाळी पावसाच्या पाण्याने. भुकटी त्यातच कालवली. आणि ती हिरवी झारी हाताशी होती."

"हिरवी? तिच्यात कोळ्याचं जाळं होतं!" जाऊ ओरडली. "न धुता घेतलीत?"

"कोळ्याला आधी बाहेर काढलं की! मी काही राक्षस नाही."

"आणि पिंपात काय असतं गं?" मी विचारलं.

"पाणी. दुसरं काय असणार?" मग जरा थांबून, "थोडी ब्लीच पावडर टाकते. रोग पाण्यातूनही येतो, म्हणून. झाऱ्याही त्यानेच धुते."

बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. ती उलट्या घातलेल्या बादलीवर बसली.

"मीच मारले," ती म्हणाली. "पाकीट फोडलं आणि एकूणएक मारले. सवयीने."

"अगं, लगेच फाशी नको घेऊस," मी म्हटलं. "कदाचित भुकटीचा काही संबंधच नसेल. नुसतं पावसाचं पाणीच मानवलं असेल. आमच्या शाळेतल्या सिस्टर टीपकागदावर मोहरी पेरायला लावत आणि म्हणत, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कुणाला शाबासकी द्यायची ते कळत नाही."

"आता कसली मोहरी, ताई? मी शब्द दिलाय. खेप गेली."

"एक ट्रे उभा आहे. म्हणजे खेप गेलेली नाही."

"वहिनी वकील व्हायच्या राहिल्या," भाऊजी म्हणाले. पण पुतण्याला मी तेच सांगितलं, आणि रोपांचा निकाल लागेपर्यंत काचा काढणाऱ्या माणसाला बोलवायचं नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

त्याच रोगट मातीचे तीन ट्रे केले. एकाला नुसतं पावसाचं पाणी. दुसऱ्याला पावसाचं पाणी आणि भुकटी. तिसऱ्याला पिंपातलं पाणी आणि भुकटी. जिवाणूबाई येऊन बघून गेल्या. "पाण्याचं विचारायचं माझ्याही मनात आलं नाही," म्हणाल्या, आणि आमच्याइतक्याच उत्सुकतेने फोन करून चौकशी करू लागल्या.

जावेचे ते दिवस कठीण गेले. हिरवी झारी समोर दिसायची, आणि हात आपोआप ब्रशकडे जायचा. एकदा मी तिला पकडलंच.

"नुसती बाहेरून पुसतेय," ती म्हणाली.

"बाहेरूनही नको."

"ताई, तुम्हाला झोप कशी लागते?"

तिसरा ट्रे आधी गेला. मग पहिल्यातली रोपं इकडे एक, तिकडे दोन अशी माना टाकू लागली, अर्धीअधिक गेली. मधल्या ट्रेतली, एखाददुसरं सोडलं तर, उभी राहिली. जावेने त्यातलं एक हलकेच उपटलं, मुळं धुतली, पावसाच्या पाण्याने, आणि माझं भिंग मागितलं. आम्ही दोघींनी आळीपाळीने पाहिलं. पांढरी, केसाळ मुळं. बाकी काही नाही.

"दिसत नाहीत," मी म्हटलं.

"इस्पितळातही कधी दिसले नाहीत," ती म्हणाली. "न बघताच मारायचे. आता न बघताच पाळायचे, एवढंच."

रविवारी पुतण्या मोजपट्टी घेऊन आला होता, गाडीसाठी. आईने त्याला तो ट्रे दाखवला. तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग त्याच पट्टीने त्याने नव्या मांडणीसाठी फळीचं माप घेतलं. मोठी पेरणी लगेच करायची ठरली. पण पन्हळीखालचा डबा तोवर रिकामा झाला होता, आणि पावसाचा पत्ता नव्हता. जावेने जिवाणूबाईंना फोन लावला. नळाचं पाणी उघडं ठेवा, त्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जाईल, असं त्यांनी सांगितलं.

"उघडं? झाकणाशिवाय?" जावेने मला तीनदा विचारलं.

रविवार, १४ एप्रिल. वारा नाही. चष्म्याची काडी पुतण्याने बसवून दिली. जावेच्या अंगणात नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या रात्रभर उघड्या ठेवल्या आहेत. आमचं मांजर रात्रीपुरतं आत घेतलं.