आठ रात्री, पूर्ण आडनावाने

बेसिंगस्टोकला येऊन आम्हाला बारा वर्षं झाली होती आणि तोवर आमची सुट्टी म्हणजे ईलिंगच्या ओळखीच्यांकडे नाहीतर रीडिंगच्या मैत्रिणीकडे जाऊन आमटी-भात खाणे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवरा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मुलगी सोळा वर्षांची, मी गावातल्या लायब्ररीत अर्धवेळ. परत आलेली प्रवासाची पुस्तकं शेल्फवर लावता लावता मी ती चाळायची. त्यातल्याच एका पुस्तकात ऑक्टोबरातलं स्कॉटलंड दिसलं: तांबूस डोंगर, पिवळी झाडं आणि जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. ते पुस्तक मी शेल्फवर लावलंच नाही. माझ्याच कार्डावर घरी आणलं आणि जेवताना जाहीर केलं की हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सहामाही सुट्टीत, आपण स्कॉटलंडला जायचं, आपल्या गाडीने, आठ रात्रींसाठी.

"पानं गळताना बघायला एवढ्या लांब?" नवरा म्हणाला. "ती आपल्या ड्राइव्हवेवरपण गळतात. दर रविवारी मीच झाडतो."

"मग या वर्षी दुसऱ्यांची बघा," मी म्हटलं.

आखणी सगळी माझी. गालिच्यावर रोड अ‍ॅटलास पसरायचा, शिवणाचा दोरा वळणावळणाने रस्त्यावर ठेवायचा आणि मग तो सरळ करून पट्टीवर मोजायचा. नवऱ्याने दोऱ्याची भरपूर चेष्टा केली, पण त्याने मोटारवेवरच्या पाट्या आठवून काढलेला अंदाज चाळीस मैलांनी चुकला आणि माझा चुकला नाही. पहिली रात्र कार्लाइलच्या अलीकडे, मग पर्थ, मग वर डोंगरात, मग पश्चिमेचा किनारा. राहायचं बी अँड बीमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या भाड्याच्या खोलीत, सकाळच्या नाश्त्यासकट. त्यांच्या पत्त्यांचं पुस्तकही लायब्ररीचंच. त्या वेळी खोली ठरवायची म्हणजे फोन करायचा, नाव सांगायचं आणि पलीकडच्या बाईने ते आपल्या डायरीत लिहून घ्यायचं. नाव लिहिलं की खोली आपली.

आणि नावापाशीच गाडी अडली.

आमचं आडनाव लांब आहे. इंग्रजीत अकरा अक्षरं होतात. इथे ते लिहीत नाही. ज्याला हवं असेल त्याने मला विचारावं, मी स्पेलिंगसकट सांगेन. हॉस्पिटलात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याची पहिली तीन अक्षरं ठेवून बाकीची आठ छाटली होती. ती तीन अक्षरं योगायोगाने इंग्रजी नावासारखी ऐकू येतात. बारा वर्षं नवरा त्या तुकड्यावर खूश होता. मी कधी काही बोलले नव्हते, कारण ते हॉस्पिटल त्याचं होतं.

डोंगरातल्या दुसऱ्या रात्रीसाठी मी फोन केला. बाईंचा आवाज छान होता. हो, खोली आहे, खिडकीतून तळं दिसतं, नाश्त्याला मांस नको असेल तर तसं करू. मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. स्पेलिंग सुरू केलं, "व्ही फॉर व्हिक्टोरिया", तर चौथ्या अक्षराला त्यांनी मला थांबवलं. डायरीत बघताना चूक झाली म्हणे. तो आठवडा भरलेला आहे. मी सॉरी म्हटलं. चूक त्यांची आणि सॉरी मी म्हटलं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

नवरा म्हणाला, डायरीत चुका होतात. रीडिंगच्या मैत्रिणीला फोन केला तर ती हसायला लागली. "अगं, तू खरं नाव कशाला सांगतेस? आम्ही कायम काहीतरी इंग्रजी ठोकून देतो. दार उघडल्यावर त्या काय करणार, हाकलणार थोड्याच?" मी म्हटलं, नाव लपवून दारात उभं राहायचं आणि आपण आत आलो म्हणून खूश व्हायचं, हे मला जमायचं नाही. ती म्हणाली, "तू ना, उगाच मनाला लावून घेतेस."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर मुलगी दारातच उभी. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"आई, आय गॉट इट! तो तळ्यावालाच रूम मिळाला! शी वॉज सो नाइस!"

"कसा मिळाला?"

"मी फोन केला ना. माझा आडनाव नाही सांगितला. बाबांचा हॉस्पिटलचा सांगितला. इट वॉज सो ईझी."

तोच आठवडा. तीच खोली. तिचा बेसिंगस्टोकच्या शाळेतला आवाज आणि तीन अक्षरं, एवढ्यावर ती भरलेली डायरी रिकामी झाली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बाईंचा राग होताच, पण खरं लागलं ते मुलीचं हसू. तिला यात काही गैर दिसलंच नव्हतं. आपलं नाव म्हणजे अडचण आणि ती बाजूला ठेवली की सगळं सोपं होतं, हे ती आमच्याच घरात शिकली होती. शिकवणाऱ्यांत मीही होते, बारा वर्षं गप्प बसून.

"कॅन्सल कर," मी म्हटलं.

"व्हॉट? व्हाय?"

नवरा आतून आला. "अगं, खोली मिळाली ना? एक रात्र झोपायचंय फक्त. तत्त्वांवर गाद्या घालून झोपणार आहेस का?"

"अहो, झोपायचा प्रश्न नाहीये," मी म्हटलं. "आठच्या आठ रात्री पूर्ण आडनावाने मिळाल्या तर जायचं. एक जरी रात्र त्या तुकड्यावर काढावी लागणार असेल तर मी येत नाही. तुम्ही दोघं जा आणि पानं बघून या."

मुलगी दाणदाण पाय आपटत वर गेली. नवरा म्हणाला, हट्टीपणा आहे. मी म्हटलं, आहेच.

पुढचा आठवडाभर मी कामावरून आले की कोटसुद्धा न काढता जिन्याखालच्या फोनपाशी बसायची. मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवर गृहपाठ घेऊन बसे, पान मात्र उलटत नसे. सगळेच नाही म्हणाले असं नाही. तसं लिहिलं तर खोटं होईल. कार्लाइलच्या बाईंनी अकरा अक्षरं मुकाट्याने लिहून घेतली आणि घरात कुत्रा आहे, चालेल ना, एवढंच विचारलं. पर्थच्या गृहस्थांना आम्ही पोलिश वाटलो. दोन घरांनी सीझन संपल्याचं सांगितलं, ते कदाचित खरंही असेल. एका ठिकाणी स्पेलिंग चालू असताना फोनच ठेवून दिला. तिथे मी पुन्हा फोन लावला आणि उरलेली सहा अक्षरं सांगून मगच ठेवला. नवरा पेपरामागून म्हणाला, "आता हे काय?" मी म्हटलं, सुरू केलेलं काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र मलाच धारेवर धरलं. त्यांच्या गावाच्या नावात लिहायची अक्षरं ढीगभर आणि बोलायची मोजून चार. शिवाय पुढे 'लॉख' होतं, म्हणजे त्यांच्याकडचं तळं. मी 'लॉक' म्हटलं.

"लॉक दाराला असतं," त्या म्हणाल्या. "इंग्लंडहून येणारे सगळे असंच म्हणतात. पुन्हा म्हणा."

मी 'ख' काढून दाखवला. ख काय, आम्ही बाराखडीत घोकलेला. त्यांनी गावाचं नाव माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं आणि तिसऱ्यांदा पास केलं. मग मी माझं नाव सांगितलं. त्यांनी ते अक्षर अक्षर लिहिलं आणि वाचून दाखवलं. बरोबर होतं, पण मधल्या 'ळ'चा त्यांनी 'ल' केला होता. इंग्रजीत दोन्ही सारखंच लिहितात, त्यामुळे चूक त्यांची नव्हती. एरवी मी सोडून दिलं असतं.

"तुमचं गाव मी तीनदा म्हटलं," मी म्हटलं. "आता माझं एकदा नीट म्हणा. जीभ वर वळवून मागे न्या."

पलीकडून काय काय आवाज आले! एकदा र, एकदा ड, एकदा नुसतंच खाकरणं. जिन्यावर मुलगी तोंडावर हात दाबून हसत होती. शेवटी बाई म्हणाल्या, जमत नाही, पण तुम्ही याल तेव्हा समोर बसून शिकवा, चहा मी करीन. त्यांच्याकडे मी एकाऐवजी दोन रात्री मागितल्या.

शुक्रवारपर्यंत आठही रात्री लागल्या. तळ्याकाठची ती रात्र मी वीस मैल पूर्वेला, एका शेतावर हलवली. आता राहिली होती ती मुलीने ठरवलेली खोली.

"ज्याने बुक केलं त्याने कॅन्सल करायचं," मी म्हटलं.

"इट्स सो एम्बॅरॅसिंग, आई. मी काय सांगू?"

"तुला पटेल ते सांग."

मला वाटलं ती पुन्हा वर निघून जाईल. ती फोनपाशी बसली आणि नंबर फिरवला. नवऱ्याने टीव्हीचा आवाज बारीक केला. आम्ही येणार नाही, असं तिने सांगितलं. पलीकडच्या बाईंनी डायरीतून खोडण्यासाठी नाव विचारलं असावं, कारण तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडे लिहिलंय ते आमचं नाव नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "आमचं नाव मोठं आहे." आणि तिने ते सांगितलं. संपूर्ण. मध्ये 'ल' म्हणाली. थांबली, पुन्हा म्हणाली, पुन्हा 'ल'च आला. तिचे कान लाल झाले.

"मलापण ते नीट म्हणता येत नाही," ती त्या बाईंना म्हणाली. "पण माझ्या आईला येतं. थांबा, ती सांगेल."

तिने फोन माझ्यापुढे धरला. मी उभी राहिले, तो घेतला आणि आमचं आडनाव सांगितलं. मग एकदा, मुलीकडे बघून, आणखी सावकाश.