झाकलेल्या दोन वाट्या

शेजारच्या सुमनचं डोहाळजेवण होतं. एरवी पहिलटकरणीचं करतात. हिला तीन मुली आहेत, पण सासूला नातवाची आस. सुमनपुढे दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

“तुला हवी ती उचल गं,” सासू म्हणाली.

सुमनने हात पुढे केला. हिरव्या बांगड्या मनगटावर सैल झालेल्या, नखं पांढरीफटक. अंगात रक्त नाही, हे आरोग्य केंद्राच्या आशाताई दोनदा घरी येऊन सांगून गेल्यात. तिसरीच्या वेळीच सुमनला ऑपरेशन करून घ्यायचं होतं. तेव्हा तिला काय हवं ते कुणी विचारलं नाही. आज विचारलं, तर दोन्ही वाट्यांत मूलच होतं.

पेढा निघाला. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.