स्टार्टरमधली काडी

नागावच्या अलीकडच्या आमच्या गावाला नळाचं पाणी मिळायचं ते गणराजमुळे. ग्रामपंचायतीच्या विहिरीवरची मोटर तो स्वतःच्या लग्नाआधीपासून चालवत होता. पाणी आलं तर मोटर चांगली, नाही आलं तर गणराज नालायक, एवढा आमच्या गावाचा सरळ हिशोब.

अमिषाच्या हळदीच्या सकाळी मोटर बंद पडली. गणराजने टेस्ट लॅम्प लावून विजेचे तिन्ही फेज पाहिले. एकावर दिवा लख्ख पेटला, बाकीच्या दोन्हींवर नुसता मिणमिणला. बाहेर येऊन ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं, तर वरचा एक फ्यूज उडून लोंबकळत होता. त्याने वायरमनला फोन केला. "दुपारी येतो," वायरमन म्हणाला.

फेज गेला की मोटर जळू नये म्हणून स्टार्टर आपोआप सुटतो. आमच्याकडे वाडीवाडीत त्यात लाकडाची काडी खोचतात, म्हणजे तो सुटत नाही. शहाणपणच आहे आमचं!

अमिषाची आई कमळकाकी पाच-सहा बायका घेऊन पंपावर आली. "दारात पावणे बसलेत, आन् तू काय दिवे लावतोस? घाल काडी!"

"मोटर जळंल, काकी."

"जळली तर आम्ही हाव ना सगळी!"

त्याने काडी खोचली. मोटर फिरेना, नुसती घुमत राहिली, तेव्हा तिला पंपाशी जोडणारं कपलिंग हाताने फिरवून तिला चालू केलं. बारीक धारेने का होईना, पाणी चढलं. काकीचे हंडे भरले, अमिषाची आंघोळ झाली आणि पंपघरातून धूर निघाला.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा बसली. गणराजने मोटर उघडून आणली होती. एका फेजचं तारेचं वाइंडिंग काळं ठिक्कर, बाकीची दोन शाबूत. फेज गेल्यानेच ती जळली, हे तो दाखवत होता आणि लोक टँकर कधी येणार ते विचारत होते. मला त्या दिवशी आमच्या गावाची किळस आली.

"काडी घालाया कोणी सांगितली?" सरपंच दत्तात्रेयांनी विचारलं.

मग कमळकाकीच बोलली. नखांतली हळदही अजून गेली नव्हती तिच्या. "आम्ही पाणी मागितलं. मशिनीतलं आम्हाला काय समजतं? मोटर जाळ, असं सांगितलं व्हतं काय आम्ही?"

तिच्याबरोबर पंपावर गेलेल्या बायकांनी माना डोलावल्या.

"गणराजला कामावर ठेवायचं, असं ज्याला वाटतं त्याने हात वर करा," सरपंच म्हणाले.

एकच हात वर झाला. गणराजच्या बायकोचा, नूतनचा. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. ती खाली मान घालून उभी होती, पण हात तिने ताठ धरला होता.

गणराज मोटर सोडून उठला, गर्दीतून तिच्यापाशी गेला आणि तो हात धरून त्याने खाली घेतला.

"नको," तो हळूच म्हणाला. "उद्या टँकरला तुला यांच्यातच उभं रहायचं हाय."