ताट कोण नेऊन देणार?

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये गणपतीत नैवेद्याचं ताट शेजाऱ्यांकडे पोरांच्याच हातून जायचं. हा माझ्या मालवणी आईचा नियम. मोठ्यांना लोक दारातूनच वाटेला लावतात, पोरांना आत बोलावून खाऊ देतात, असं तिचं म्हणणं. मी नऊ वर्षांची असताना दुसऱ्या मजल्यावरच्या सरांनी मला असंच आत बोलावलं आणि नको तिथे हात लावला. घरी येऊन मी एवढंच म्हटलं, की यापुढे मी ताट द्यायला जाणार नाही. मुलगी आळशी झाली, असं आईने वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

तीस वर्षांनी, मागच्या गणपतीत, माहेरी गेले होते. आईने ताट भरलं आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या हातात दिलं. "सरांकडे देऊन ये गो."

मी ताट हिसकावलं. मोदक फरशीवर पडले. लेकीला बाहेर पाठवून मी आईला सगळं सांगितलं.

ती बराच वेळ मोदक वेचत राहिली. मग म्हणाली, "मीच धाडलंय तुका." मला तिचा राग येईल असं इतकी वर्षं वाटायचं. तो आलाच नाही, उलट तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून ती मला वकीलबाईंकडे घेऊन गेली. बरोबर मोदकांचा डबा, कारण कुणाकडे रिकाम्या हाताने जाणं तिला जमतच नाही. वकीलबाई म्हणाल्या, त्या काळच्या कलमाला तक्रारीसाठी तीन वर्षांची मुदत होती, ती मी बारा वर्षांची असतानाच संपली.

"बारा वर्सांचा चेडू वकील खयसून करतला?" आई कडाडली.

"खरंय काकू. आता मुलांसाठी वेगळा कायदा आहे, त्यात मुदत नाही. पण तो २०१२ मध्ये आला, त्यानंतर ज्यांच्यासोबत घडलं, त्यांच्यासाठीच."

घरापाशी रिक्षातून उतरताना आईने विचारलं, "सगळ्यांका सांगू काय गो?" मी होकाराची मान हलवली.

त्या संध्याकाळी गुडघ्यांची कुरकुर ऐकून न घेता ती स्वतः ताटं घेऊन मजलेच्या मजले चढली. सरांचं दार तेवढं सोडलं. प्रत्येक घरात आत जाऊन बसली, बायकांना सगळं सांगितलं, वर म्हणाली, आपापल्या पोरींना विचारा. दोन घरांनी ताटाला हातही लावला नाही. ती ताटं आम्हीच जेवलो. आई अशी हट्टी आहे म्हणून मी आयुष्यभर कुरकुरले, त्या दिवशी मात्र तिच्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटला.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी चौथ्या मजल्यावरची मुलगी धुतलेलं ताट परत करायला आली. कॉलेजात जाते, आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली. ताट दिलं तरी दारातून हलेना.

"आजी, माझ्यासोबतपण. पाचवीत होते. मला पोलिसांना सांगायचंय."

आईने तिचा हात धरून तिला आत बसवलं, पाणी दिलं. मग माझ्याकडे वळली.

"हिची मुदत संपली नाय ना?"

"नाही आई. हिची नाही संपली."

"मग बघतस काय? चपला घाल."